जोडबोट्यांचं घर

हैबतराव बोलेनात.

बोलायचे होते दोनच शब्द. 'जोड हाय' म्हणायचं, पोराच्या टाळूवर हात ठेवायचा आणि त्याला आईच्या ओटीत द्यायचं. मग रत्नाबाईंनी सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, की उंबरा मोकळा. त्या घराच्या आत गेलेला प्रत्येक मुलगा असाच गेला होता. अठ्ठावन्न सालच्या मार्गशीर्षातल्या त्या दुपारीही सगळे त्या दोन शब्दांसाठी ओसरीवर खोळंबले होते. आत नव्या आंबेमोहराचा भात शिजून कधीचा तयार होता, आणि त्याच्या वासानं माणसांच्या पोटात कावळे ओरडायला लागले होते.

नेऱ्याहून आदल्या दिवशीच माहेरी आलेली साळूबाई भावाला खेटून, दुधापाण्याचा तांब्या धरून बसली होती. पोराचा डावा पाय तिनंच धुऊन दिला होता. हैबतरावांचा अंगठा पोराच्या इवल्या बोटांवरून एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला, आणि मग अंगठ्याशेजारच्या दोन बोटांच्या मधे सहज शिरला. तिथं तो शिरायला नको होता. साळूबाईला बाकीच्यांच्या आधी कळलं ते तेवढ्यामुळंच.

"दादा, पोर गारठंल," ती हळूच म्हणाली.

"उजवा धू."

तिनं उजवा धुतला. त्याचीही पाचही बोटं सुटी होती, गुलाबी, एकेक वेगळं हलणारी. पोराला गंमत वाटली असावी. ते आजोबांच्या मांडीवर मजेत पाय झाडत राहिलं.

मुळशी खोऱ्यात या घराला आडनावानं कुणी ओळखत नसे. जोडबोटे म्हटलं की पुरे. घरातल्या पुरुषांच्या डाव्या पायाची ती दोन बोटं नखापर्यंत एका कातडीत सांधलेली असत. कुणी मूळ पुरुष त्या पायाच्या जोरावर भर पुरात मुळा पोहून गेला, अशी कथा होती. तो गेला ते चैत्रात आणि पाणी घोट्याएवढं होतं, असं साळूबाईची आजी सांगायची, पण पुरुषमाणसं जवळ नसताना. त्या काळी पोराचा पाय बघणं म्हणजे नुसतं कौतुक होतं. मग धरण झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं, आणि नव्या जागी जमीन तुटपुंजी मिळाली. तेव्हा वाटेकरी कोण आणि उपटसुंभ कोण, हे ठरवायला हैबतरावांच्या म्हाताऱ्या बापानं तो पाय पुढं केला. कौतुकाचा कायदा झाला तो असा.

"जोड न्हाई," मागून मान उंच करून कोंडिबा म्हणाला. हैबतरावांचा हा धाकटा भाऊ. वाईट बातमी दुसऱ्या कुणी आधी सांगितलेली त्याला खपत नसे.

ओसरीच्या पायरीवर उभ्या असलेल्या तुळजानं डोक्यावरचा पदर सारखा केला. पहिलं बाळंतपण आटोपून बावधनहून भावाच्या गाडीनं ती आत्ताच उतरली होती. बैल अजून जुंपलेलेच होते आणि तिचा भाऊ बहिरू त्यांच्या वेसणी धरून उभा होता. नवरा नथू तिच्यापासून चार हातांवर, भिंतीला टेकून. तो पुण्याला छापखान्यात खिळे जुळवायचा, शनिवारी घरी यायचा. सासू रत्नाबाई उंबऱ्यात, हातात भाकरतुकडा घेऊन. तो हात आता हळूहळू खाली आला होता.

"आपल्या घरात आजवर असं झालं न्हाई," कोंडिबा म्हणाला. "खाण तशी माती म्हनत्यात. खाणीत जोड हाय अन् मातीत न्हाई. मग ही माती कुठली?"

"पाव्हणं, तोंड सांभाळून बोला," बहिरू तिकडून गरजला.

"मी काय खोटं बोलतुया? पाय समोर हाय."

हैबतरावांनी हात वर केला आणि दोघंही गप्प झाले. त्या हाताला घरात अजून मान होता. त्यांनी पोराच्या पायावर कुंचीचं टोक ओढलं, फार जपून ओढलं, आणि बहिरूकडं न बघता म्हणाले, "गाडी सोडू नका. पोरीला बावधनला घेऊन जा. भावकी बसवतो. मग निरोप धाडतो."

निरोप धाडतो म्हणजे काय, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. धरणाच्या साली याच घराच्या नव्या उंबऱ्यावरून ठकूबाईला हेच सांगून परत पाठवलं होतं. ठकूबाई म्हणजे हैबतरावांची पहिली बायको, नेऱ्याची. तिच्या कडेवर महिन्याचा कुशाबा होता, आणि त्याची बोटं अशीच सुटी होती. तो निरोप अजून निघायचा होता. वर्ष सरलं आणि रत्नाबाई घरात आली. पुढं नथू झाला, त्याची बोटं सांधलेली निघाली, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

साळूबाई तेव्हा चौदा वर्षांची होती. तिचंही लग्न नेऱ्यालाच ठरलेलं होतं आणि ते मोडता आलं नाही. नवी नवरी म्हणून ती पहिल्यांदा नेऱ्याच्या विहिरीवर गेली तेव्हा बायका तिला पाणी भरू देईनात. शेवटी ठकूबाईच पुढं आली, तिनं साळूबाईचा हंडा भरला, उचलून तिच्या डोक्यावर दिला आणि एक शब्द न बोलता निघून गेली. ठकूबाई दहा वर्षांमागं वारली. कुशाबा मात्र साळूबाईच्या शेजारच्याच वावरात रोज नांगर धरत होता. आज त्याची कानशिलं पांढरी झाली होती, तिशीतच, जशी हैबतरावांची झाली होती. नेऱ्याच्या बांधावर साळूबाई रोज आपल्या भावाला तरुणपणीचा बघत होती, आणि माहेरी येऊन तोंडातून ब्र काढत नव्हती. झाकली मूठ म्हणून किती दिवस झाकायची, याचा तिला कंटाळा आला होता.

ती तांब्या खाली ठेवणार, एवढ्यात तुळजाच बोलली.

"मी जानार न्हाई."

सून सासऱ्यासमोर एवढी स्पष्ट बोलते, हेच आधी कुणाला समजेना.

"मी हितंच बसनार," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण शब्द एकेक नीट येत होते. "आत घ्या, न्हाईतर नका घेऊ. पोरगं या पायरीवर वाढंल. येणारे-जाणारे इचारतील, कुणाचं म्हणून. त्येंना काय सांगायचं ते तुमी ठरवा."

आणि ती खरंच पायरीवर बसली. साळूबाईला मनापासून बरं वाटलं. पोरीत दम आहे, आता आपल्याला एकटीला ओढावं लागणार नाही, असं तिच्या मनात आलं. तिनं लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत वर घेतला आणि आपले दोन्ही पाय ओसरीच्या मधोमध पसरले.

"कोंडिबा, बघ."

"काय बघू, आक्का?"

"माजी बोटं. जोड हाय का?"

कोंडिबानं मान फिरवली. थोरल्या बहिणीच्या पायांकडं टक लावून बघणं त्याला अवघड गेलं. "तुमचं काय घेऊन बसलाय. बायकांना ती नसत्यातच."

"कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? बापाचं ल्येकाला जातंय. लेकीला कशाला जाईल?"

"धोंडे, पाय काढ," साळूबाई म्हणाली.

धोंडाबाई, जांब्याला दिलेली दुसरी बहीण, खांबाजवळ दोन्ही पाय मुडपून बसली होती. ती आयुष्यभर तशीच बसत आली होती. भांडणाचा वास आला की ती आधी आणखी आकसून घ्यायची, आणि मग कुणाची सरशी होते ते बघून तिकडं सरकायची. तिनं हैबतरावांकडं बघितलं, कोंडिबाकडं बघितलं.

"मला कशाला मधी घेतीस, साळे?"

"तू मधीच हायेस. पाय काढ म्हनते ना."

धोंडाबाईनं डावा पाय लुगड्याखालून हळूहळू बाहेर सरकवला. दोन बोटं नखापर्यंत सांधलेली होती. सोनारानं तिच्या त्या पायाचं जोडवं दोन बोटांवर बसेल असं रुंद घडवलं होतं, तेही दिसलं.

"आगं बया," रत्नाबाई उंबऱ्यातून म्हणाली. "इतकी वर्सं झाली, मला म्हाईत न्हाई."

"कसं असंल? आमचे पाय कुणी बघितलेच न्हाईत," साळूबाई म्हणाली. "पोरगी झाली की तिला तशीच आत घेत्यात. तिचं काय, ती दुसऱ्याच्या घरचं धन. एका आईबापाची आमी चौघं. दादाला जोड हाय, कोंडिबाला हाय, धोंडीला हाय, मला न्हाई. मग सांगा, मी कुणाची? आपल्या आईला कुटं धाडायचं?"

"आईचं नाव काढू नगंस," हैबतराव म्हणाले. गाडी सोडू नका म्हटल्यापासून ते पहिल्यांदाच बोलले होते.

"मग सुनेचं बी काढू नगा."

धोंडाबाईला आता धीर आला होता. पाय मागं घ्यायच्या ऐवजी तिनं तो आणखी पुढं केला. "आन माज्या किसनाला बी हाय," ती म्हणाली. "त्येच्या बापाला न्हाई, जांब्यात कुणालाच न्हाई. माज्याकडनं गेलीया ती. मी सांगितलं न्हाई, म्हटलं दादाला आवडायचं न्हाई."

ही बातमी हैबतरावांना नवी होती. त्यांच्या खोऱ्यात गाजलेल्या बोटांनी परस्पर जांब्यात बिऱ्हाड केलं होतं, आणि तेही परक्या आडनावाखाली. त्यांनी धोंडाबाईच्या पायाकडं बघितलं आणि नजर पुन्हा कुंचीवर आणली.

कोंडिबा मात्र हार मानणाऱ्यातला नव्हता. "बायकांचं बायकांपाशी. मी पुरुषांचं बोलतुया. पुरुषाला असायलाच पायजे."

"चांद्या पुरुष न्हाई व्हय?"

कोंडिबा चपापला. चांद्या म्हणजे त्याचा वळू. काळाभोर, कपाळावर रुपयाएवढा पांढरा चांद. माणसं भुकूमहून, घोटावड्याहून गाई घेऊन त्याच्याकडं यायची. दिवाळीनंतर भुकूमचा एक गृहस्थ गाय आणि वासरू दोन्ही घेऊन भांडायला आला होता. वासरू काळं होतं, पण कपाळ कोरं. तुमचा वळू लागलाच नाही, दुसरंच काही तरी झालं, असं त्याचं म्हणणं. कोंडिबानं त्याला याच ओसरीवर बसवून तासभर शहाणं केलं होतं, आणि मग तीच हकिकत रंगवून रंगवून अख्ख्या भावकीला सांगितली होती. साळूबाईला ती कालच रात्रीच्या जेवणावर ऐकायला मिळाली होती.

"काय सांगितलंस रं त्येला? काल सांगत हुतास ते पुन्यांदा सांग."

"ते जनावराचं हाय, आक्का."

"सांग तर."

सांगितलं ते रत्नाबाईनं. दिराच्या बोलण्याची नक्कल तिला चांगली जमत असे, पण ती फक्त स्वयंपाकघरात करायची रीत होती. आज ती उंबऱ्यातच उभी राहून, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "'पाव्हणं, बाप काय सगळंच देतुया व्हय? निम्मं गाईचं असतंय. माज्या चांद्याची निम्मी वासरं चांदाची, निम्मी बिनचांदाची. चांद न्हाई म्हणून बाप बदलत न्हाई.'"

बहिरू गाडीपाशी फसकन हसला. धोंडाबाईनं पदर तोंडाला लावला. कोंडिबाचेच दात आणि कोंडिबाचेच ओठ, तो कुणावर रागावणार?

"वळूचा एवढा इस्वास," साळूबाई म्हणाली, "आन घरच्या लेकीसुनेचा न्हाई. भुकूमच्या पाव्हण्यानं गाईवर आळ घेतला तर तुला राग आला. त्या गाईला कुणी इचारलं बी नव्हतं, तरी तू तिची बाजू घेतलीस. हिची कोण घेनार?"

कोंडिबानं इकडंतिकडं बघितलं. आपल्या बाजूला कुणी उरलं नाही, हे त्याला दिसत होतं, आणि अशा वेळी माणूस जे बोलू नये ते बोलतो.

"तितं मी सोता दोर धरून हुतो, आक्का. हितं कोन हुतं? नथू तर आठवडाभर पुण्याला असतुया."

हसू जागच्या जागी विरलं. बहिरूनं वेसणी सोडल्या आणि तो दोन पावलं पुढं आला. तुळजानं भावाकडं बघून मान हलवली, तसा तो थांबला. ती पोरापाशी गेली नाही, रडली नाही. ती नथूकडं बघत राहिली. आता ओसरीवरचे सगळेच नथूकडं बघायला लागले.

नथूनं मान खाली घातली होती. उजव्या हाताच्या नखानं तो भिंतीचा पोपडा खरवडत होता.

ही मान साळूबाईनं पाहिलेली होती. ठकूबाई उंबऱ्यावरून परत फिरली त्या दिवशी हैबतराव असेच भिंतीला लागून उभे होते, अशीच मान घालून, असाच भिंतीचा नवा गिलावा नखानं उकरत. कुणी शिकवलं होतं हे नथूला? तो तर तेव्हा जन्मलाही नव्हता. बोटं बापाकडून येतात, कानशिलांचा पांढरा रंग येतो, ते येवो बापडं, त्यानं कुणाचं वाईट होत नाही. पण हे मुकेपण जर असंच उतरत असेल, तर मग उद्या पोराला आत घेऊनही काय उपयोग? एवढी भांडून जिंकत आणलेली लढाई आपण इथं हरणार, असं तिला वाटलं. आणि तिला भीती वाटली, त्या दिवशी पहिल्यांदाच.

"नथू," ती म्हणाली, "माजं बोलून झालं. मी नेऱ्याची. हे घर तुजं."

नथूनं वर बघितलं नाही.

बोलले ते हैबतराव. पोर त्यांच्या मांडीवर आता झोपलं होतं, आणि ते त्याच्याशीच बोलत असावेत इतक्या खालच्या आवाजात म्हणाले, "साळू, तुजं सगळं पटतंय मला. कोंडिबाचं तोंड नासकं हाय, त्येचं सोड. सून आपली खरी हाय, हे मला गाडीतनं उतरली तवाच दिसत हुतं. पण ह्येला आत कसं घेऊ?"

"का बरं?"

"ह्यो आपला, तर त्यो बी आपला हुता."

त्यो म्हणजे कोण, हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. रत्नाबाईनं डोळे मिटले.

"आजवर मी म्हनत आलो," हैबतराव म्हणाले, "बा चुकला नसंल. पायात जोड नव्हती, बानं बघितलं, मी बी बघितलं. त्येच्यावर मी झोपलो, उठलो, दुसरं लगीन केलं. आता ह्येला सुट्या बोटांनी आत घेतला, तर मी माजं ल्येकरू दारातनं हाकललं, असं हुतंय."

कुणी दुसरं असतं तर म्हणालं असतं, जाऊ दे दादा, झालं गेलं, वडलांपुढं तुझं काय चालणार होतं. धोंडाबाई ते म्हणायला तोंड उघडतही होती. साळूबाईनं तिला हातानं थांबवलं. भावावर तिचा जीव होता, आणि म्हणूनच आज त्याला तसं सोडायची तिची तयारी नव्हती.

"व्हय दादा," ती म्हणाली. "तसंच झालंय. ह्येला बाहेर ठेवून ते न झाल्यासारखं न्हाई व्हायचं. एकाचे दोन हुतील."

हैबतरावांनी पोराच्या पायावरची कुंची उगाच पुन्हा सारखी केली.

तेवढ्यात नथू भिंतीपासून सुटा झाला. तो आला तो सरळ बापासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या नखात अजून माती होती.

"मला नेऱ्याला थोरला भाऊ हाय," तो म्हणाला, "हे मला शाळेतल्या पोरांनी सांगितलं, आबा. मी घरी येऊन इचारलं न्हाई. म्हटलं, तुमी सांगाल. एवढी वर्सं वाट बघतुया."

"नथू," रत्नाबाई म्हणाली. तिच्या आवाजात अडवणंही होतं आणि सोडणंही होतं.

"आई, बोलू दे मला. आता न्हाई बोललो, तर मला पुन्यांदा बोलता यायचं न्हाई." मग तो चुलत्याकडं वळला. "काका, दोर धरून कोण हुतं ते तुमी इचारलं. मी हुतो. तिचा नवरा मी हाय आन पोराचा बाप मी हाय. माज्या शब्दाच्या वर ज्येला पाय बघायचा आसंल, त्येनं आधी मला या घरातनं काढावं."

कोंडिबानं घसा साफ केला. "मला काय," तो पुटपुटला, "मी आपलं रीत म्हनून बोललो. घ्या की आत. भात थंड हुतुया."

नथूनं वाकून बापाच्या मांडीवरचं पोर उचललं. हैबतरावांनी धरून ठेवलं नाही आणि देऊही केलं नाही. मग नथूनं असं काही केलं, जे त्या ओसरीवर कुणीच कधी पाहिलं नव्हतं. सगळ्यांदेखत, थोरल्यांसमोर, त्यानं पायरीवर बसलेल्या बायकोचा हात धरला आणि तिला उठवलं.

"चल," तो म्हणाला.

तुळजानं पदर सावरला. रत्नाबाई उंबऱ्यातच होती. क्षणभर असं वाटलं की ती बाजूला होणार नाही. आता यापुढं काय येणार, हे तिला इतर कुणाहूनही स्पष्ट दिसत होतं. कुशाबाचं नाव या ओसरीवर निघालं होतं आणि ते आता परत गिळता येणार नव्हतं. तिच्या एकुलत्या एक नथूच्या डोक्यावर आता एक थोरला आला होता, आणि त्या थोरल्याच्या आईच्याच जागी ती स्वतः या घरात आली होती. ती दिरासारखी बोलून दाखवणारी बाई नव्हती. तिनं भाकरतुकडा पोरावरून, सुनेवरून आणि मग लेकावरूनही ओवाळला, पायरीच्या खाली लांब फेकला, आणि वाट मोकळी केली.

ती तिघं आत गेली. दोन शब्द कुणी म्हटलेच नाहीत.

आतून पोराच्या रडण्याचा आवाज आला, मग त्याला पाजायला घेतल्यावर थांबला. बहिरूनं बैल सोडले. कोंडिबा हात धुवायला म्हणून मागच्या दारी गेला तो बराच वेळ परत आला नाही. धोंडाबाई पानं मांडायला धावली. तिला आता सगळ्यांत जास्त उत्साह आला होता, आणि पाय न मुडपता ती घरभर फिरत होती.

ओसरीवर हैबतराव आणि साळूबाई दोघंच उरले. हैबतरावांच्या धोतरावर पोराच्या ओल्या पायाचा डाग होता. ते त्याच्याकडं बघत बसले होते. साळूबाईला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, आणि तिनं फिरवला. लहानपणी तिला ताप आला की हैबतराव तसाच फिरवायचे.

"कसा हाय त्यो?" हैबतरावांनी विचारलं.

"बरा हाय. दोन पोरी हायेत. वावर सोन्यासारखं ठेवलंय. बोलतुया कमी."

"जोंधळा करतुया का भात?"

"दोनी."

"आन तब्येत?"

"तुज्यासारखी. कानशिलं पांढरी झालीत. बैल वळवताना तोंडानं तू काढतुयास तसाच आवाज काढतुया. पहिल्यांदा ऐकला तवा मी बांधावर थबकले हुते."

हैबतरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं, आणि डोळेही त्यातच पुसून घेतले. आतून रत्नाबाईनं जेवायला हाक दिली. दोघंही उठले नाहीत.

"बोलावलं तर यील का?"

साळूबाईला खोटं बोलून त्यांना बरं वाटवता आलं असतं. पण आजचा दिवस त्यासाठी नव्हता.

"पहिल्या खेपेला न्हाई यायचा," ती म्हणाली.

"कशावरनं म्हनतीस?"

"तू आला असतास?"

प्रश्न सोपा नव्हता, पण उत्तर हैबतरावांना चांगलंच ठाऊक होतं.

"न्हाई," ते म्हणाले.

मग गुडघ्यावर हात रोवून ते उठले, खुंटीवरचं मुंडासं काढलं आणि डोक्याला गुंडाळायला लागले.

"जेवून घ्यू दोघं," ते म्हणाले, "आन निघू. पहिली खेप आजच उरकून टाकू."